नाना, तुम्ही आधी मीटर लावलंत

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही स्वतः मोबाइल घेऊन वाचत बसणार नाही, नातू दुकानात वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. पण आपल्या खान्देशात ज्याच्या ज्याच्या विहिरीवर मोटर आहे, त्याला तुम्ही माझ्या बोटीवर काय केलंत ते कळायला हवं असं फार वाटतं. आणि दोंडाईच्याच्या तुमच्या दुकानात निघताना मी नुसता "येतो नाना" म्हणालो होतो. तेवढ्यावर हे राहू द्यायचं नाही.

नऊ वर्षं गोव्यात बोटींवर काम करून मी गावी परतलो तो एकच विचार घेऊन. सारंगखेड्याचं बॅरेज झाल्यापासून तापीला मागे लांबवर पाणी उभं राहतं, आणि आपली पोरं काठावर नुसती बसून असतात. त्यांना पाण्यावर उभं राहायला शिकवायचं. मुंबईकडून एक जुनी वेकबोर्डची बोट घेतली, आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनची, दोन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी असलेली. मेरीटाइम बोर्डाची नोंदणी, पाटबंधारे खात्याची परवानगी, हे सगळं पार पडलं. अडलं ते पाण्याच्या पिशव्यांवर.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वेकबोर्ड म्हणजे पायांना बांधायची फळी. तिच्यावरचा मुलगा बोटीमागे ताशी पस्तीसेक किलोमीटरच्या वेगाने ओढला जातो आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घेतो. हलकी बोट मोठी लाट उठवत नाही. म्हणून बोटीच्या पोटात पिशव्या असतात, पंपाने नदीचंच पाणी त्यांत भरायचं, काम झालं की बाहेर सोडायचं. माझ्या बोटीत तीन पिशव्या आहेत, प्रत्येकी साधारण तीनशे लिटरच्या. म्हणजे भरल्यावर नऊशे किलो. हे वजन दोन्ही बाजूंना सारखं बसलं तर बोट शहाण्यासारखी चालते, नाहीतर अंगावर येते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरलो. उजवी पिशवी भरली. डावीचा पंप घरघरत राहिला, पाणी काही येईना. बोट उजवीकडे कलायला लागली म्हणून उजवी रिकामी करायला घेतली तर तिचा फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. तीनशे किलो एका अंगाला घेऊन आम्ही कासवाच्या चालीने काठाला आलो. माझा चुलतभाऊ डाव्या कडेवर बसून होता, एक शब्द बोलत नव्हता. त्या अर्ध्या तासात मला जी भीती वाटली ती अजून अंगावर आहे.

त्यानंतर मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव घेत नाही. मोठ्या शहरातले, मरीन काम करणारे. त्यांनी बोटीचं झाकणही न उघडता सांगितलं की तिन्ही पंप बदला, सगळं वायरिंग नवीन करा, लाखाच्या वर जाईल. सुरुवातीला म्हणून नवी बॅटरी घ्यायला लावली. ती दोन दिवसांत उतरली.

तुमच्याकडे आलो ते केवळ शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून. तुमचं काम जळलेल्या मोटरींच्या रिवाइंडिंगचं आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगचं, बोट तुम्ही जवळून कधी पाहिलेली नव्हती. तुम्ही ट्रॉलीभोवती एक चक्कर मारलीत, पाणी कुठून आत येतं, पंप कुठे, पिशवी कुठे, एवढंच विचारलंत आणि म्हणालात, "हाई त आपली हिरनी मोटर शे, भो." म्हणजे ही तर आपली विहिरीची मोटर. माझा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला.

मी पान्हा उचलला तर तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. "पह्यले मोज, मंग खोल."

ते मोजणं मी आयुष्यात विसरणार नाही. मीही व्होल्ट मोजायचा मीटर लावला होता, नाना. पंपाच्या वायरीवर बारा व्होल्ट दिसले, म्हणून मी वायरिंग चांगलं समजून पंपाला दोष देत बसलो होतो. तुम्ही ट्रॅक्टरचा एक जुना हेडलाइटचा बल्ब काढलात, त्याला दोन वायरी लावलेल्या, आणि त्याच जागी जोडलात. बल्ब पिवळट, मिणमिणता लागला. बिनलोडचा मीटर कुजलेल्या जोडातूनही बारा दाखवतो, करंट ओढायला लागलं की खरं काय ते बाहेर येतं, हे तेव्हा कळलं. मग मधला पंप चालू ठेवून मोजलंत. बॅटरीवर 12.4, पंपावर 9.6. पावणेतीन व्होल्टच्या वर वाटेतच गायब. तुम्ही मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर धरलीत, 0.4. तसंच मायनसला, 2.4. "प्लसले कोनी हात नको लावा," एवढं बोलून तुम्ही मायनसची वायर बोटांनी चाचपत चाचपत पुढे सरकलात.

डॅशबोर्डच्या खाली, अंधारात, सगळ्या मायनस वायरी एका पितळी पट्टीवर येतात. टॉर्च मला धरायला लावलीत आणि तुम्ही पाठीवर झोपून आत शिरलात. पट्टी हिरवी पडली होती. तिच्यावरचा मुख्य नट हाताने फिरत होता, आणि बाजूला कुणीतरी चार वायरी पीळ घालून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. तिन्ही पंप एकदम लावले की डॅशबोर्डचा पडदा, म्हणजे स्क्रीन, का विझायचा, त्याचं उत्तर त्या एका नटापाशी होतं. पट्टी पॉलिश पेपरने घासून चमकवलीत, प्रत्येक वायर परत सोलून टोकाला नवं थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवलंत आणि दर वेळी जोर लावून ओढून पाहिलीत. मी म्हटलं, नाना बसलंय ते. तुम्ही तरीही ओढलंत.

डाव्या पंपाचं झाकण उघडलंत तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत रबराचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, पानापानांचं. दोन वर्षं एकाच जागी दाबून राहिलेली पानं तशीच वाकून कडक झालेली, आणि दोन पानं नाहीतच. असा पंप कोरडा चालवला तर आतलं रबर मिनिटा-दोन मिनिटांत जळतं, आणि मी पाणी येतंय का बघत तो किती वेळ चालवला होता! तुम्ही रागावला नाहीत. जुना इंपेलर वर्तमानपत्रावर ठेवलात, म्हणालात की दोन तुकडे कुठेतरी आतच आहेत, ते मिळाल्याशिवाय नवा बसवायचा नाही. एक पाइपच्या वळणात सापडला. दुसऱ्यासाठी पिशवीपर्यंतचा पाइप सोडवलात. सव्वाआठ वाजता तुम्ही तो नखाएवढा काळा तुकडा कागदावर आणून त्या पानाच्या तुटलेल्या कडेला लावून पाहिलात. जुळला. तेव्हा कुठे चहा घेतलात.

उजव्या पंपात तापीचा गाळ घट्ट बसला होता. तो अडकला की करंट जास्त ओढायचा आणि वीस अँपिअरचा फ्यूज उडायचा, म्हणजे फ्यूज आपलं काम चोख करत होता. मी तिसचा टाकायला निघालो होतो. तुम्ही तेव्हा माझं मनगट धरलंत ती पकड अजून आठवते. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरीसाठी असतो, तो वाढवला की वायर जळते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी आहे. हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत, तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलंत. आता पाणी आत येतं तिथे जाळीची गाळणी बसवली आहे आणि दर फेरीनंतर मी ती धुतो.

मधल्या पिशवीचं तर तुम्ही ऐकूनच ओळखलंत. भरायची, आणि तासाभरात आपोआप उतरायची. "फूट व्हॉल्व्ह," म्हणालात. पाणी परत जाऊ नये म्हणून पाइपात बसवलेल्या व्हॉल्व्हच्या झडपेत शिंपल्याचा तुकडा अडकला होता, बस्स.

बॅटरी रोज का उतरते तेही तुम्ही जाता जाता शोधलंत. सगळं बंद असताना मीटर मध्ये जोडला तर 1.8 अँपिअर चाललेले. एकेक फ्यूज काढत गेलात. गाण्यांच्या अँप्लिफायरचा निघाला आणि काटा जवळजवळ शून्यावर आला. तळाचं पाणी उपसणारा छोटा पंप मात्र मेन स्विच बंद असला तरी बॅटरीवर असतो, कारण उभी बोट बुडू नये. ते मी सांगितल्यावर तुम्ही त्याला हात लावला नाहीत, उलट त्याचा फ्यूज तपासून दिलात.

नाना, एका गोष्टीसाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार. एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, खराब निघाला. ट्रॅक्टरचा रिले तुमच्या खणात होता, पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी घायकुतीला आलो होतो. तुम्ही विचारलंत, इंजिनच्या खोलीत पेट्रोलची वाफ साचते का? साचते, म्हणून तर इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवतात. मग तुम्ही खण बंद केलात. डिझेलच्या ट्रॅक्टरवर रिलेत ठिणगी पडली तर काही होत नाही, इथे होईल. ठिणगी बाहेर न पडणारा मरीन रिलेच हवा. तो आणि इंपेलर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी रोज फोन करून तुम्हाला त्रास दिला आणि तुम्ही रोज तेवढ्याच शांतपणे "आला नही" म्हणालात. माझ्या बोटीत उद्या गावाची पोरं बसणार होती. त्यांचा जीव तुम्ही माझ्या आधी मोजलात.

नवा इंपेलर तुम्ही साबणाच्या पाण्यात बुडवून, पानं एकाच दिशेला वळवून, पिळत आत बसवलात. ग्रीस लावू दिलं नाहीत, रबर फुगतं म्हणून. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला घोडे यायला लागले होते त्या आठवड्यात आपण बोट परत तापीत उतरवली. तिन्ही पंप एकदम लावले. बॅटरीवर 12.4, पंपावर 11.9. पडदा विझला नाही. तुम्ही मागच्या सीटचं झाकण उचलून डाव्या पिशवीवर तळहात ठेवून बसलात, गाईच्या पोटावर ठेवतात तसा, आणि ती हळूहळू हाताखाली फुगत गेली. पाणी भरेपर्यंत तुम्ही हात काढला नाहीत.

पैशांचं विचारलं तर सामानाचे जे झाले ते आणि वर अडीच हजार, एवढंच घेतलंत. मी आणखी द्यायला लागलो तर म्हणालात, पोरं शिकली की मला बघायला बोलाव. आतापर्यंत अकरा जण बोर्डवर उभे राहिलेत, नाना. त्यातल्या तीन मुली आहेत. एक तुमच्याच गल्लीतली.

पंपांच्या स्विचवर तुम्ही पांढरी पट्टी लावून पेनने लिहिलं होतंत, डावा, मधला, उजवा. उन्हाने आणि पाण्याने अक्षरं आता पुसट झालीत. छापील स्टिकर मिळतात, पण मला ते लावायचे नाहीत. येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतोय. पेन तुमचंच आणा, पट्टी मी घेतली आहे.

तुमचाच,
बोटवाला