वेदभूषण झाल्यावर पुढे काय?

महोदय,

दहावीच्या निकालानंतर अकरावी प्रवेशाच्या बातम्या रोज येतात. वेदपाठशाळेतल्या मुलांविषयी मात्र एक ओळही नसते. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेद संस्कृत शिक्षा बोर्डाची वेदभूषण परीक्षा दहावीशी आणि वेदविभूषण बारावीशी समकक्ष आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाने २०२२ मध्ये तशी मान्यता दिली. तरीही माझ्या भाच्याचे प्रमाणपत्र एका महाविद्यालयाच्या खिडकीवर कारकुनाने उलटसुलट करून पाहिले आणि ‘हे कुठलं बोर्ड?’ म्हणत परत सरकवले. साहेबांना विचारा म्हणाला. साहेब जेवायला गेले होते!

अर्थात दोष सगळा खिडकीपलीकडचा नाही. समकक्षता मिळाली म्हणजे हव्या त्या शाखेचे दार उघडले असे नव्हे. अभियांत्रिकीच्या पदवीकडे वळायचे तर बारावीला बहुतेक शाखांसाठी भौतिकशास्त्र आणि गणित लागते, आणि हे मुलाला पाठशाळेत घालतानाच पालकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. वेदमंत्र संहिता, पद, क्रम अशा वेगवेगळ्या पाठपद्धतींनी मुखोद्गत करणाऱ्या पोराला गणित झेपणार नाही, हा समज तर निव्वळ आळसातून आलेला. ज्यांना दुसरी वाटही मोकळी ठेवायची आहे, त्यांनी सतरा नंबरचा (शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी द्यावी किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस). या मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

शिक्षण खात्याने समकक्ष मंडळांची यादी जूनपूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर लावावी, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक