दादांना म्युनिकहून पत्र: आल्प्स ओलांडणाऱ्या रेल्वे तिकिटांविषयी

म्युनिक,
१२ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस साष्टांग नमस्कार. आईला माझा नमस्कार सांगावा. ओवी आणि मिहिर यांना अनेक आशीर्वाद.

मे महिन्याच्या सुटीत तुम्ही सगळे येणार हे नक्की झाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. म्युनिकहून पुढे इटलीकडे किंवा स्वित्झर्लंडकडे रेल्वेने जायचे, तर पाच जणांची तिकिटे खर्चाच्या दृष्टीने कशी काढावीत, असे तुम्ही विचारले आहे. फोनवर हे सगळे अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वहिनींनीही वाचावे, कारण मुलांच्या वयाच्या बाबी त्यांना अधिक नेमक्या ठाऊक आहेत आणि सगळा हिशोब शेवटी तिथेच येऊन ठरतो.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरते आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडते. इकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र दोन प्रकारची भाडी असतात. एक ठरलेले पूर्ण भाडे, ज्यावर त्या दिवशीची कोणतीही गाडी पकडता येते; दुसरे सवलतीचे, जे काही महिने आधी खुले होते, मोजक्याच संख्येने असते आणि जसजसे विकले जाते तसतसे महाग होत जाते. जर्मन रेल्वे या सवलतीच्या तिकिटाला श्पारप्राइस म्हणते, ऑस्ट्रियन रेल्वे श्पारशीने म्हणते. ही तिकिटे ठरावीक गाडीपुरतीच चालतात. तुमच्या चुकीने गाडी सुटली, तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसता येत नाही. शिवाय तिकीट आणि जागा या इथे वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट घेतले की गाडीत चढण्याचा हक्क मिळतो, बसायला जागा मिळेलच असे नाही; जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. प्रतीक्षायादी हा प्रकारच नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. या खेपेस म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून इटलीत बोल्झानोपर्यंत जावे, वेळ उरला तर वेरोनापर्यंत, आणि त्याच मार्गाने परत यावे. स्वित्झर्लंड पुढच्या खेपेसाठी ठेवावे. माणशी भाड्याची तुलना केली तर हा फरक पुरेसा लक्षात येत नाही. संपूर्ण घराची बेरीज मांडली, म्हणजे मुलांची भाडी, जागांचे आरक्षण, तिकीट रद्द करावे लागले तर बुडणारे पैसे आणि आईला फलाट बदलावे लागण्याचा त्रास, हे सगळे धरले की ब्रेनरचा मार्ग स्पष्टपणे उजवा ठरतो.

म्युनिकहून साधारण दर दोन तासांनी थेट गाडी निघते. रोझेनहाइम आणि कुफश्टाइनवरून ती इन नदीच्या काठाने इन्सब्रुकला जाते, तिथून खिंड चढून इटलीत उतरते. इन्सब्रुक पावणेदोन तासांवर, बोल्झानो सुमारे चार तासांवर आणि वेरोना साधारण साडेपाच तासांवर आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली हे तिन्ही देश एकाच डब्यात बसून पार होतात. ओवीला सांगा, की हा लोहमार्ग १८६७ साली, म्हणजे आपल्या भोर घाटातल्या लोहमार्गानंतर अवघ्या चार वर्षांनी सुरू झाला. भोर घाटात चढ चढण्यासाठी गाडी उलट फिरवण्याचे स्थानक करावे लागले होते, तर इथे संक्ट योडोक नावाच्या गावाजवळ गाडी घोड्याच्या नालासारखे वळण घेऊन दरीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला येते आणि उंची गाठते. माथ्यावर मोठा बोगदा नाही. १३७० मीटर उंचीवरची खिंड गाडी उघड्यावरूनच ओलांडते. खाली ५५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदला जात असून तो २०३२ मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे. त्यानंतर वेगवान गाड्या डोंगराच्या पोटातून जातील, म्हणूनही आईने हा मार्ग आता पाहावा असे मला फार वाटते.

आता मुलांचे. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि ६ ते १४ वयाची मुले मोठ्या माणसाबरोबर विनामूल्य प्रवास करतात. अट एवढीच, की तिकीट काढतानाच त्यावर मुलाची नोंद करावी लागते. गाडीत टीसी आल्यावर नाव घालून मिळत नाही. ऑस्ट्रियन रेल्वे सहा वर्षांखालील मुलांना विनामूल्य नेते आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना अर्धे भाडे लावते. इटलीच्या प्रादेशिक गाड्यांत मात्र १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मोठ्या माणसाचेच भाडे पडते. म्हणजे आपली १३ वर्षांची ओवी एका देशात फुकट, दुसऱ्यात अर्धी आणि तिसऱ्यात पूर्ण ठरते! मिहिरचा सहावा वाढदिवस जूनमध्ये येतो, त्यामुळे मेमध्ये प्रवास झाला तर जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेत त्याचा प्रश्न येत नाही. प्रवासाच्या दिवशीचे वय धरले जाते.

यातून निघणारी गोष्ट अशी, की सीमेपर्यंत एक आणि सीमेपुढे दुसरे असे तुकडे करण्यापेक्षा म्युनिक ते बोल्झानो असे सलग तिकीट काढणे आपल्याला सोयीचे आहे. ही गाडी जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वे मिळून चालवतात आणि दोघीही आपापल्या संकेतस्थळावर तिची तिकिटे विकतात. दोघींचे सवलतीचे साठे वेगळे असल्याने एकाच दिवशी, एकाच गाडीला दोन वेगळी भाडी दिसतात. म्हणून दोन्हीकडे तीन मोठी माणसे आणि दोन मुले, वयांसह, भरून पाहायची आणि आलेली एकूण रक्कमच ताडून पाहायची. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा एका माणसाचा आणि सर्वांत स्वस्त तिकिटाचा असतो. त्यावरून काहीही ठरवू नये.

सलग तिकिटाचे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाडीला उशीर होऊन, जिच्यात बदलून बसायचे ती पुढची गाडी सुटली, तर सलग तिकिटावर पुढच्या गाडीने पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची असते. गंतव्यस्थानी तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. युरोपीय संघाचा तसा नियमच आहे. दोन सुटी तिकिटे एकमेकांना जोडून प्रवास केला, की हे संरक्षण दुसऱ्या तिकिटाला सहसा मिळत नाही आणि वाचलेले दहा युरो पाच जणांच्या नव्या तिकिटांत कित्येक पटींनी जातात. इन्सब्रुकला दोन रात्री राहून पुढे जायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतंत्र तिकिटे घेण्यात धोका नाही.

जागांच्या आरक्षणाबाबत एक बदल लक्षात घ्यावा. पूर्वी जर्मन रेल्वेत संपूर्ण कुटुंबाचे आरक्षण एका ठरावीक रकमेत होत असे. जून २०२५ पासून ती सोय बंद झाली असून आता प्रत्येक जागेचे वेगळे पैसे पडतात. एका जागेला साडेपाच युरोच्या आसपास धरले, तर मिहिरसह पाच जागांचे एका वेळचे सत्तावीस-अठ्ठावीस युरो होतात. लहान मुलांच्या घरांवर हा भार टाकायला नको होता असे मला मनापासून वाटते. तरीही हा खर्च आपण करावा. मेच्या अखेरीस बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, शाळांना दोन आठवड्यांची सुटी लागते आणि अर्धे म्युनिक इटलीतल्या गार्डा सरोवराकडे धाव घेते. त्या गर्दीत आईला चार तास दाराशी उभे राहावे लागणे मला चालणार नाही. शक्य असल्यास २३ मेच्या आधीचा मंगळवार किंवा बुधवार धरावा. भाडे कमी असते आणि डबाही मोकळा मिळतो.

व्हिसाचा मुद्दा या सगळ्याशी जोडलेला आहे. सर्वांत स्वस्त तिकीट, म्हणजे सुपर श्पारप्राइस, एकदा घेतले की रद्द होत नाही. त्याच्या वरच्या पायरीचे साधे श्पारप्राइस प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत शुल्क कापून रद्द करता येते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अर्ज देण्यासाठी वेळ मिळवण्यातच बरेच दिवस जातात. म्हणून फेब्रुवारीतच अर्जाची वेळ घ्यावी, व्हिसा हाती येईपर्यंत सुपर श्पारप्राइसला हात लावू नये, आणि तोवर भाडी भराभर चढू लागली तर रद्द होऊ शकणारे तिकीट घ्यावे. अर्ज जर्मनीकडेच करावा, कारण सर्वाधिक मुक्काम ज्या देशात असतो त्याच्याकडे तो करायचा असतो आणि तुमचे बहुतेक दिवस माझ्याकडेच जाणार आहेत.

एका दिवसाच्या फेरीसाठी मात्र यांपैकी काहीच लागत नाही. बायर्न टिकेट नावाचे बव्हेरियापुरते दिवसभराचे तिकीट मिळते, त्यावर पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास करता येतो, ओवी आईवडिलांबरोबर विनामूल्य धरली जाते, आणि हे तिकीट सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन स्थानकांपर्यंत चालते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. फक्त प्रादेशिक गाड्यांत बसायचे, जलद गाड्यांत नाही. आधी काढून ठेवण्याची गरज नाही, किंमत गर्दीप्रमाणे बदलत नाही. सकाळी खिडकीबाहेर ऊन पाहून ठरवावे आणि निघावे. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. माझ्याकडे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारे महिन्याचे डॉइचलांड टिकेट असल्याने मला त्यात धरू नये.

स्वित्झर्लंडचे थोडक्यात सांगते. परदेशी पाहुण्यांसाठी स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस तिथल्या गाड्यांतून फिरण्याचा पास असतो आणि त्याबरोबर ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड विनामूल्य मिळते. ते आई किंवा वडील बरोबर असतील तरच चालते, एकट्या आजीबरोबर नाही. तरीही मोठ्यांचे तीन पास घ्यावे लागतात आणि तिथले राहणे-खाणेही महाग आहे. पुढे कधी गेलात तर आल्प्स ओलांडणाऱ्या बर्निना मार्गावर पर्यटकांसाठीच्या खास गाडीचे आरक्षण शुल्क भरण्याची गरज नाही. त्याच रुळांवरून साधी प्रादेशिक गाडीही धावते, २२५३ मीटर उंचीवरून तशीच जाते आणि इटलीतल्या तिरानोला तशीच उतरते.

प्रवासात दोन गोष्टी सांभाळाव्यात. सगळ्यांचे मिळून एकच तिकीट तुमच्या नावावर असेल, त्यामुळे टीसी येईल तेव्हा तुम्ही सर्वांजवळ असायला हवे. आणि सीमेवर उतरावे लागत नसले, तरी पोलीस गाडीत चढून कागदपत्रे पाहतात, विशेषतः जर्मनीत परतताना. म्हणून पाचही पासपोर्ट वरच्या पिशवीत ठेवावेत, आईचा तिच्या पर्समध्ये नको.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत: पाचही जणांची पासपोर्टवरील नावे अक्षरांच्या त्याच क्रमाने, दोन्ही मुलांच्या जन्मतारखा, आणि बोल्झानोला किती रात्री राहायचे याविषयी वहिनींचे मत. ती आली, की मी दोन्ही संकेतस्थळांवरची बेरीज काढून कळवीन. पैसे सध्या मीच भरीन, त्याची चर्चा इथे आल्यावर करू. आईच्या गुडघ्याचे काय म्हणणे आहे तेही लिहावे, म्हणजे त्याप्रमाणे डब्याच्या दाराजवळच्या जागा घेता येतील.

कळावे, लोभ असावा.

तुमची धाकटी बहीण