कॅज्युअल्टीतली गर्दी वॉर्डात सुटेल : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

कॅज्युअल्टीत गर्दी झाली की दरवेळी लोकांना सांगितले जाते, किरकोळ दुखण्यासाठी येऊ नका. सर्दी-तापाचा रुग्ण खुर्चीवर बसतो, तपासून, गोळ्या घेऊन घरी जातो. ट्रॉली अडते ती भरती ठरलेल्या, पण वॉर्डात खाट न मिळालेल्या रुग्णामुळे. आपत्कालीन विभागात काम करणारे आम्ही डॉक्टर आणि परिचारिका हे पत्र त्याच्यासाठी लिहीत आहोत.

तासाला ६ रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ४ तास थांबत असेल, तर कधीही बघा, आत २४ जण असतात. थांबणे ८ तासांवर गेले की तेवढ्याच आवकीत ते ४८ होतात.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा. त्यासाठी त्याला आडवे करून छाती उघडी करावी लागते. ट्रॉली नाही, पडदा नाही, म्हणून तो ताटकळतो. कॉरिडॉरमधल्या रुग्णाला भिंतीतला ऑक्सिजन मिळत नाही. १५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तासांत संपतो, आणि काटा बघायला तिथे कोणी नेमलेले नसते. सर्वांत जास्त भीती आम्हाला याचीच वाटते.

ट्रायजमध्ये, म्हणजे कोण किती गंभीर हे दारावरच रंगाने ठरवताना, पिवळा (थोडा थांबू शकेल असा) ठरलेला रुग्ण थांबता थांबता लाल (लगेच उपचार लागणारा) होऊ शकतो. म्हणून नाडी, श्वासगती, रक्तदाब, ऑक्सिजन आणि शुद्ध पुन्हा पुन्हा तपासावी लागते. हे काम दारावरच्याच परिचारिकेकडे असते. नव्यांची रांग संपत नाही आणि जुने तसेच राहतात. थांबलेल्यांसाठी प्रत्येक पाळीत वेगळी परिचारिका द्या.

आता खाटांचे. रुग्ण सकाळपासूनच वाढू लागतात, खाटा मात्र दुपारनंतर रिकाम्या होतात. राउंड संपल्यावर डिस्चार्ज कार्ड लिहायला घेतात, मग औषधे, मग बिल, मग नातेवाईक गाडी शोधतात, मग खाट पुसली जाते. उद्या कोण जाणार हे बहुतेकदा आदल्या संध्याकाळीच ठाऊक असते. कार्ड आणि औषधे तेव्हाच तयार ठेवता येतात. सुट्टीच्या दिवशीही डिस्चार्जचा निर्णय घेऊ शकेल असा वरिष्ठ डॉक्टर हवा, नाहीतर सोमवार कोलमडतो. आणि सगळ्या खाटा कायम भरलेल्या असणे ही कौतुकाची गोष्ट मानू नका. अचानक येणाऱ्यांसाठी काही रिकाम्या लागतातच.

तरीही कॅज्युअल्टी भरली, तर प्रत्येक वॉर्डाने एकेक जादा रुग्ण घ्यावा. वॉर्डातल्या परिचारिकांना हा भार वाटेल आणि तो आहेच, त्यामुळे मनुष्यबळासह हा नियम आणा. पण दहा वॉर्डांत एकेक रुग्ण सांभाळता येतो, एका कॉरिडॉरमध्ये दहा नाही.

भरतीचा निर्णय झाल्यापासून खाट मिळेपर्यंत किती तास गेले, याची नोंद सक्तीची करा. सरासरीबरोबर सर्वांत जास्त थांबलेल्याचे तासही त्यात असू द्या. हा कागद रोज सकाळी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेला पाहिजे, कारण वॉर्डातल्या खाटा कॅज्युअल्टीच्या हातात नसतात.

आपले,
आपत्कालीन विभागातील डॉक्टर व परिचारिका