'सायकल दुरुस्तीची सोय नाही' म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आमच्या बालाघाट डोंगरातल्या वाहनमुक्त सायकलवाटांवरचा लेख काल सोमवारी वाचला. (रविवारची पुरवणी आमच्या फाट्यावर सोमवारीच येते. त्यावर खाली लिहितो.) लेख छान आहे, फोटो रंगीत आहेत. माळ, मोर, धबधबा, सगळं आलं आहे. शेवटच्या चौकटीत मात्र एक वाक्य आहे : 'संपूर्ण मार्गावर सायकल दुरुस्तीची कोणतीही सोय नाही.' हे मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मुलाला वाचायला लावलं, कारण माझा चष्मा जुना झालाय.

संपादकसाहेब, याच मार्गावर मी 41 वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो.

दुकान नजरेतून सुटलं असेल म्हणावं, तर तेही नाही. आषाढात आपले प्रतिनिधी आणि त्यांचे तीन मित्र माझ्या दुकानात अडीच तास बसून होते. लेखाच्या डोक्यावर त्यांचा फोटो आहे. हेल्मेट घातलं की माणूस जरा वेगळा दिसतो, पण ओळखलं मी.

आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. हे चौघं मोबाईलमधली वाट बघत माळावरून खाली उतरले. माळावर मुरूम आहे, तिथं सायकल सुरेख पळते. खाली वाडीच्या शिवारात काळं रान लागतं. पहिल्या दहा हातांत चाकाला चिखलाचा थर चढतो, वीस हातांत तो चाक आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसतो, आणि मग चाक फिरायचं नावच घेत नाही. आमच्याकडचं शाळेतलं पोरही अशा वेळी खाली उतरतं आणि सायकल खांद्यावर घेतं. यांच्यातल्या एकाने जोर लावून पायडल मारलं. गिअर बदलणारं मागचं यंत्र, त्याला ते डेरेलर म्हणत होते, चाकाच्या तारांत गेलं आणि ज्या कानाला ते टांगलेलं असतं तो कानच मोडला. दिवेलागणीला चौघं दुकानासमोर उभे राहिले तेव्हा माणूस कुठं संपतो आणि सायकल कुठं सुरू होते, तेच कळत नव्हतं.

जुन्या चाकूने माती खरवडली. डिझेलने चेन धुतली. तो मोडलेला कान माझ्याकडे असणं शक्यच नव्हतं. दर सायकलीचा वेगळा असतो, शहरातसुद्धा मागवावा लागतो, हे त्यांनीच सांगितलं. मग यंत्र काढून बाजूला ठेवलं, चेनीच्या कड्या कमी केल्या आणि मागच्या मधल्या चकतीवर चेन बसवली. म्हणजे अकरा गिअरची सायकल एका गिअरची केली. कड्या काढायचं बारीक हत्यार त्यांच्याच पिशवीत होतं. ते कसं वापरायचं, एवढंच पिशवीत नव्हतं.

मजुरी 80 रुपये सांगितली. त्यांनी पाचशेची नोट पुढे केली, मी बाकी परत दिली. आमच्या मंडळींनी दोनदा चहा केला. पैशाचा किंवा चहाचा विषय नाही, गैरसमज नसावा. काल मंडळींनी एवढंच विचारलं, ''पेपरवाल्याला आपलं दुकान दिसलं न्हाई का?'' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून हे पत्र.

उलट दुकान दिसलं होतं, याचा पुरावा आपणच छापलाय. लेखातला तिसरा फोटो बघावा. चिखलाने भरलेली सायकल एका भिंतीला टेकवलेली आहे आणि खाली लिहिलंय, 'ग्रामीण मराठवाड्यातील एक जुनी भिंत.' ती माझ्या दुकानाची भिंत आहे. तिच्यावर निळ्या रंगात सायकल मार्ट असं लिहिलंय, रंग दोन वर्षांपूर्वीच दिलाय. फोटो कापताना पाटी गेली, पण पूर्ण गेली नाही. उजव्या कोपऱ्यात 'र्ट' एवढं अक्षर उरलंय. भिंग लावून खात्री करून घ्यावी.

आता लेखाविषयी दोन शब्द. अशा कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याला इंग्रजीत 'ग्रॅव्हल' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी असं समजून लेखकाने सगळीकडे 'खडीवरच्या सायकलवाटा' लिहिलंय. खडीवर कुणी सायकल चालवून दाखवावी, मी टायर फुकट बदलून देईन. हल्ली पाणंद रस्त्यांवर खडी टाकतात आणि कधी कधी रोलर फिरवायचं राहून जातं. त्यावरून बैलसुद्धा जपून चालतो. सायकल पळते ती दबलेल्या मुरमावर, जुन्या गाडीवाटेवर. ग्रॅव्हल म्हणा, मुरूम म्हणा, पण खडी म्हणू नका.

दुसरं, या वाटांसाठी '40 मिलिमीटर रुंदीचे खास टायर' लागतात म्हणे. काल रात्री पट्टी घेऊन माझ्या काळ्या सायकलीचा टायर मोजला. 28 बाय दीड इंची. भरला चाळीस मिलिमीटरच. हाच टायर घेऊन आमच्याकडचे पोस्टमन, मास्तर आणि दूधवाले याच वाटांनी जन्मभर फिरले, फक्त त्याला 'खास' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. हां, माझी सायकल वीस किलोच्या वर भरते आणि चढाला उतरून ढकलावी लागते, यांची दहा किलोची आणि गिअरवाली, हा फरक मान्य आहे. आणखी एका गोष्टीत मी त्यांना मानलं. त्यांच्या टायरात ट्यूब नसते, आत दुधासारखं पातळ औषध असतं. मी टायरातून सात सराटे उपटले आणि सातही भोकं माझ्या डोळ्यांदेखत आपोआप बुजली. आमच्या धंद्याला हे बरं नाही, पण बघायला मजा आली.

लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नाही, ती म्हणजे यायचं कधी. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की मुरूम सायकलजोगा होतो. काळ्या रानातली वाट आठवडाभर धरून ठेवते. श्रावणात पुरवणी काढून लोकांना बालाघाटात बोलवायचं आणि वाट सांगायची ती काळ्या रानातून उतरणारी, म्हणजे माझाच धंदा वाढवायचा झाला. तसं असेल तर आभार, पण मग दुकानाचा पत्ता तरी छापायचा होता. खरा मोसम दिवाळीपासून होळीपर्यंत. शाळू उभा असतो, तूर काढायला येते, सकाळी गार वारा असतो आणि धूळही फार नसते.

याच दिवसांत लेखकाला आवडलेली 'निर्मनुष्य शांतता' सापडते, हेही सांगून टाकतो. ती डोंगराने दिलेली नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कितीतरी जोड्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री राहतात. वाहनमुक्त तर आहेच. सायकलवाल्यांना पाणी विचारायचं झालं तर दार वाजवून थांबावं, आतून यायला म्हातारीला वेळ लागतो.

नकाशात सरळ दिसणारी प्रत्येक वाट जमिनीवर असतेच असं नाही. गाव नकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेघांनी दाखवलेली असते. शिवारात दोन्ही बाजूंनी बांध कोरून कोरून तिची पाऊलवाट झालेली असते आणि कुठे कुठे तिच्यावर सोयाबीन उभं असतं. अशी वाट मोकळी करून मागायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. माझंही त्यात एक प्रकरण आहे. पुढची तारीख पडलीय, म्हणून जास्त लिहीत नाही. आणि नायगावच्या मयूर अभयारण्यातून सायकल घालायची तर आधी वनखात्याला विचारावं लागतं, ही ओळ चौकटीत हवी होती. दुरुस्तीची सोय नाही हे लिहायला जागा मिळाली, हिला नाही मिळाली.

एक चूक तर अक्षम्य आहे. 'पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून मांजरा भीमेला मिळते' असं छापलंय. मांजरा गवळवाडीजवळ उगम पावते, 724 किलोमीटर वाहते आणि शेवटी तेलंगणात गोदावरीला मिळते. भीमेकडे जातं ते सौताड्याच्या धबधब्याचं पाणी, विंचरणेतून सीनेत, सीनेतून भीमेत आणि पुढे कृष्णेत. एकाच तालुक्यातलं पाणी दोन खोऱ्यांत जातं, हीच तर बालाघाटाची गंमत, आणि लेखकाने नेमकी तीच उलटी केली. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. तेवढ्यापुरतं कृष्णेकडचं पाणी मांजरेच्या खोऱ्यात आलं. याहून जास्त नातं मला तरी माहीत नाही.

पैठण-पंढरपूर पालखी मार्गाची शिफारस मात्र कृपा करून पुन्हा करू नये. नाथांची पालखी पाटोद्याकडे येते त्या दिवसांत पूर्वी माझ्या दुकानासमोर सायकलींची रांग लागायची. दिंडीच्या मागेपुढे सामान वाहणारी पोरं सायकलवर असायची, रात्री बत्तीच्या उजेडात पंक्चर काढलेत. तेव्हा धुळीचा रस्ता होता. आता रुंद सिमेंटचा झालाय आणि त्यावर टिप्पर ज्या वेगाने जातात, त्यात सायकलवाल्याने राम कृष्ण हरी म्हणावं आणि कडेला उभं राहावं.

पुरवणीचं सांगायचं राहिलं. वर्गणी आम्ही पूर्ण भरतो, जिल्ह्याच्या गावचे वाचक भरतात तेवढीच. रविवारचं शब्दकोडं सोमवारी हातात येतं आणि त्याच सोमवारच्या अंकात त्याचं उत्तर छापलेलं असतं. दोन्ही एकाच गठ्ठ्यात. आम्ही सोडवायचं काय?

दुरुस्ती छापावी, एवढीच विनंती. मोठी नको, चौकट होती तेवढीच चौकट पुरे. आणि आपल्या प्रतिनिधींना निरोप द्यावा की त्यांचं ते गिअरचं यंत्र घाईत राहून गेलं, दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे. फडक्याने पुसून, तेल देऊन ठेवलंय. येऊन घेऊन जावं. पत्ता सोपा आहे. 'र्ट' लिहिलेली जुनी भिंत विचारली की फाट्यावर कुणीही दाखवेल.

आपला,
एक सायकल दुकानदार
ता. पाटोदा, जि. बीड