डोंगर घराजवळच आहे, काळजी नको

फॉरेस्टफील्ड, पर्थ, ऑस्ट्रेलिया
सप्टेंबरअखेर

ती. आई व बाबांना शि. सा. नमस्कार.

ड्युटीचं आणि जेवणाखाण्याचं फोनवर रोज होतंच, ते परत लिहीत नाही. दादाने पाठवलेले गौरींचे फोटो पाहिले. थोरलीला जांभळी साडी फार शोभली. मी त्या दिवशी मजेत होते, इथल्या मैत्रिणीकडे पुरणपोळी झाली. मला एकटं वाटलं असेल असं मनात आणू नका.

आई, तू फोनवर "डोंगरात कशाला जातेस" म्हणून इतकी घाबरलीस की म्हटलं नीट लिहूनच कळवावं. पर्थ समुद्राकडून सपाट पसरत येतं आणि आमच्या उपनगरापाशी डार्लिंग स्कार्प नावाच्या डोंगराची कड एकदम उभी राहते. घरापासून गाडीने थोडक्यात पायथा. चढ म्हणशील तर अजिंक्यताऱ्याएवढाही नाही. सकाळी निघायचं, दुपारी घरी. लेसमर्डीच्या धबधब्यावरून खाली अख्खं शहर आणि त्यामागे समुद्राची रेघ दिसते. एलिस ब्रूकच्या दरीत आत्ता फुलं आहेत, कारण इथे पाऊस थंडीत पडतो आणि सप्टेंबरात वसंत असतो. कासलाही आत्ता तेरडा आणि सोनकी असेल ना! कासच्या सड्यावर दिसतं त्या दवबिंदू नावाच्या किडेखाऊ रोपाचे भाऊबंद इथेही आहेत, तसेच चिकट थेंब लावून किडे धरतात. आणि एक इवलंसं फूल आहे, ट्रिगर प्लांट. त्याचा दांडा मागे वाकवून ठेवलेला असतो. किडा बसला की तो सटकन पुढे येऊन त्याच्या पाठीवर परागकण थापतो. मी गवताच्या काडीने हात लावून पाहिलं. डोळ्यांची पापणी लवायच्या आत तडाखा बसला. फूल तोडलं नाही, इथे परवान्याशिवाय रानफूल तोडणं गुन्हा आहे.

आता एक गोष्ट बाबांसाठी, कारण घरात ती त्यांनाच पटेल. इथल्या कित्येक पायवाटांच्या तोंडाशी जमिनीत पक्के केलेले ब्रश असतात. रानात शिरण्याआधी प्रत्येकाने बुटांचे तळवे त्यावर खरवडायचे. खाचेत अडकलेला खडा, वाळकी माती, सगळं काढायचं. मग पाणी घातलेलं स्पिरिट फवारायचं. बाहेर येतानाही तेच. म्हातारी माणसं एका हाताने खांब धरून एकेक पाय घासतात. सायकलवाले चाकं घासतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही कळेचना, मातीच्या रानात जायला बुटांची माती का काढायची? आणि पाहायला कोणी नसतं, तरी लोक करतात.

कारण असं. इथल्या जमिनीत डायबॅक नावाचा रोग आहे. फायटोफ्थोरा सिनामोमी म्हणून बुरशीसारखा जीव, ओल्या मातीतून आणि वाहत्या पाण्यातून पसरतो. झाडाची मुळं कुजवतो, मग जमिनीत पाणी असूनही झाड तहानेने वाळतं. जॅराचे मोठमोठे वृक्ष १९२०च्या सुमारापासून असे मरताना दिसत होते, कारण मात्र सापडलं १९६०च्या दशकात. या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ४० टक्क्यांच्या आसपास रानझाडांच्या जातींना तो होऊ शकतो. बरा करणारं औषध नाही. खोडात फॉस्फाइट टोचलं तर झाड काही वर्षं तग धरतं, इतकंच. बाबा, आपल्या आल्याची कंदकूज आठवा. ती करणारा पिथियम याच्याच भावकीतला. एका रानाचं पाणी दुसऱ्यात उतरलं की प्लॉट बसलाच म्हणून समजा. तुम्ही दुसऱ्याचं खुरपं धुतल्याशिवाय आपल्या सरीला लावू देत नाही, आणि मी त्यावरून तुमच्याशी वाद घालायचे. इथे तो ब्रश घासताना तुमचीच आठवण येते.

राहिले साप. आहेत, खोटं कशाला सांगू. डुगाइट आणि टायगर स्नेक, दोन्ही विषारी, आणि आत्ता ऊन खायला बाहेर पडतात. म्हणूनच मी जाड पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घालते, मळलेली वाट सोडत नाही, सॅकमध्ये रुंद क्रेप बँडेज असतं. चावलाच तर जखम धुवायची नाही, सगळा हात किंवा पाय घट्ट बांधून हलायचं नाही आणि ००० ला फोन करायचा. मी नर्स आहे आई, हे मला येतं. एकटी कधीच जात नाही. आणि हेही ऐक. कॅलामुंडाहून निघून सुमारे १००० किलोमीटरवरच्या अल्बनीला पोचणारी बिबुलमन नावाची पायवाट आहे. तिच्या खुणेच्या पिवळ्या त्रिकोणावर सापच काढलेला असतो. इथल्या मूळच्या नूंगार लोकांचा तो वागल, त्यानेच नद्या घडवल्या असं ते मानतात. तू नागपंचमीला पूजतेस, तेव्हा तुला तरी भरवसा वाटावा.

पैसे सोमवारी सोडले आहेत, बँकेत बघा. त्यातून आधी सोसायटीचं भरून टाका आणि उरतील ते बाबांच्या गुडघ्याला. "नंतर बघू" चालणार नाही, एक्स-रे काढून मला फोटो पाठवा. दिवाळीला तिकिटं फार महाग आहेत आणि रजाही मिळेलसं दिसत नाही. संक्रांतीच्या सुमारास नक्की बघते. नक्की म्हणजे प्रयत्न करते.

मावशीने आणलेल्या कराडच्या स्थळाचं वाचलं. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. एकदा व्हिडिओवर बोलते, पण तोवर त्यांना शब्द देऊ नका. इथल्या कायमच्या व्हिसाचं काम अर्ध्यावर आहे, ते टाकून तिकडे येणं मला आज जमणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. आणि मी बसलेय म्हणून दादाचं लग्न अडवू नका. त्याने दोन वर्षं तोंडातून ब्र काढला नाही, त्याचंच मला जास्त लागतं. त्याचं ठरवा, मी खर्चाला आहे, आणि त्या लग्नाला तिकीट कितीचंही असो, येणार.

आजीला हे वाचून दाखवताना सापाचं गाळा.

तुमची,
सोनी