सायलेन्सरवर रोलर, पण कॅटचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी रोलर फिरवला की पेपरात फोटो येतो. यायलाच हवा. पण माझं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे, दिवस गाड्यांच्या पोटाखाली जातो. तिथून दिसतं ते वेगळंच. आवाज करणारा सापडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आमच्या भाषेत कॅट, इंजिनचा विषारी धूर साफ करणारा डबा, तो कापून त्या जागी सरळ पाईप वेल्डिंग केलेली मोटार रंकाळा तलावावर बिनघोर फिरते.

परवा एक पोरगा टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला. ‘काका, चेक इंजिनचा लाईट तेवढा घालवा की.’ स्कॅनरवर कोड पी0420, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. रॅम्पवर घेऊन बघतोय तर कॅट होताच कुठं! मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली लेथवर काढलेला पोकळ तुकडा बसवलेला, सेन्सर धुराच्या झोताबाहेर राहावा आणि कॉम्प्युटर फसावा म्हणून. काम सफाईदार होतं, आमच्याच कुणा उद्यमनगरवाल्याचं असणार. तरी लाईट लागलाच. कोड पुसून द्यायला मी नकार दिला.

कॅटच्या आत बारीक छिद्रांच्या सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. तापला की कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साईडं तो बरीचशी निकामी करतो. पुढच्या सेन्सरवरून पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरतं, मागचा कॅटवर पहारा करतो. कॅट काढल्यावर पिकअप थोडा वाढतो, नाही असं नाही. पण बहुतेक पोरांना हवा असतो तो आवाज. आणि कापलेला कॅट भंगारवाला हसत घेतो, आतल्या धातूंसाठी.

मग पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं सर्टिफिकेट, मिळते कशी? बीएस-4 आणि बीएस-6 या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) कार्बन मोनॉक्साईड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. शिवाय 2500 आरपीएमच्या आसपास लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03 च्या आत हवा. हा लॅम्डा फार कामाचा. तपासणी मशीनची नळी नुसती सायलेन्सरच्या तोंडाशी धरली की बाहेरची हवा मिसळून बाकीचे आकडे गोंडस येतात, पण लॅम्डा वर चढतो आणि चोरी उघडी पडते. म्हणून नळी निदान 300 मिलिमीटर आत घालायची असते. काही ठिकाणी मी पाहिलंय, नळी मशीनला गुंडाळलेलीच असते आणि सर्टिफिकेट हातात! (नायट्रोजनची ऑक्साईडं तर पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजतच नाहीत.) प्रदूषणाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण चौकात अडवलं तर कागद चोख असतो. खासगी मोटार तपासणीला आरटीओसमोर पुन्हा उभी राहते ती थेट 15 वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला.

आरटीओला एवढंच सुचवतो. पीयूसीवेळी नंबरप्लेटचा फोटो काढतातच. नळी आत गेलेली दिसेल असा दुसरा फोटो सक्तीचा करा. संशय आला तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावा. कोड नुकतेच पुसले असतील तर कॅटची स्वयंचाचणी ‘अपूर्ण’ दिसते. रिमॅप करून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून, मागचा सेन्सरच बंद केला असेल, तर मात्र गाडी उचलून खाली बघण्यावाचून इलाज नाही. आणि सापडली तर मालकाबरोबर ज्यानं कॅट कापला त्या गॅरेजवाल्यालाही बोलवा.

आपला,
एक गॅरेजचालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर