थाळीएवढं पापलेट

हर्णै, शनिवार रात्र

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू रागाने फोन ठेवलास, मग मीही परत लावला नाही. "आई, तुला हॉटेलधंद्यातलं काही कळत नाही," हे मनाला लागलं. पण ते जाऊ दे. तुझ्या हॉटेलच्या पाटीचा फोटो मी मासळीच्या लिलावाला आलेल्या प्रत्येकीला दाखवला. आत्याला तर दोनदा. पुण्यात आपलं नाव लागलेलं बघायला बाबा हवे होते.

फक्त ती तळहाताएवढी पापलेटं दादाकडे मागू नकोस.

तू म्हणतोस, गिऱ्हाइकाला थाळीत अख्खं पापलेट लागतं आणि मोठं परवडत नाही. काल तसलंच एक बाजारातून घरी आणलं. तुझी शाळेतली पट्टी अजून फळीवर आहे, ती लावून बघितली. १२ सेंटीमीटर. २०२३ साली सरकारने पापलेटाला राज्यमासा केलं आणि १३५ मिलीमीटरच्या आतलं धरायचं नाही असंही ठरवलं. म्हणजे हे दीड सेंटीमीटर कमीच. विळीवर कापलं, तर पोटात गाबोळीचा, अंड्यांचा, मागमूस नाही. एकदाही अंडी न घातलेलं पोर ते. मला खाववेना.

दादाला दंड होईल म्हणून सांगत नाही. म्हणजे तेही आहेच. पण तुझ्यासारख्या दहा हॉटेलांनी लहान मागितलं की व्यापारी लहानाला भाव देतो, आणि भाव मिळाला की जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं भोक, बारीक होते. आस समुद्रावर नाही ठरत रे, तुमच्या मेनूकार्डावर ठरते. तू लहान असताना बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरचा माल आणायच्या, तू मागच्या फळीवर बसायचास. तेव्हाचं एक पापलेट आपल्या सहा जणांना पुरायचं, डोक्यासाठी तुम्हा दोघांची मारामारी. बाबा मोठ्या आसेचं जाळं टाकून बारीक घ्यायला कधी तयार झाले नाहीत. त्याच जाळ्यावर तुझी कॉलेजची फी भरली.

गिऱ्हाइकाला नवीन काही खाऊ घाल ना. मांदेली आहे, तारली आहे, सौंदाळे आहेत. सुरमईची तुकडी लाव. त्या दिवशी जे आलं ते फळ्यावर खडूने लिही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत सुक्या मासळीची थाळी ठेव, सोड्यांची खिचडी, जवळ्याची चटणी. पावसात इथे घरोघरी तेच शिजतं, कोणी उपाशी राहत नाही. आणि अर्ध्या थाळ्या कचऱ्यात जात असतील, तर भात कमी वाढ, मागितला तर परत दे.

बघ, शिकवायला लागले. माफ कर. भाडं, कर्ज, आचाऱ्याचा पगार, सगळं तुझ्या डोक्यावर आहे, हे मला दिसतं. रात्री झोप लागत नाही ती त्यानेच. धंदा नाही चालला तर, असं मनात येतं, आणि मग वाटतं, चालू दे त्याला हवं तसं. पण सकाळी बंदरावर गेले की टपात ती पिल्लं दिसतात. दादा अजून तीस वर्षं समुद्रावर जाणार, त्याच्या जाळ्यात काय यायचं?

नाही, आता पुरे.

वहिनीने किलोभर सोडे निवडून दिलेत, उद्याच्या एसटीने पाठवते. स्वारगेटला वेळेवर उतरवून घे. पिशवीत तळाला पट्टी आहे, ती मोरीजवळ टांग.

तुझी आई